आजाऱ्याची पेज

तांदळाची पेज मिळावी म्हणून मी लहानपणी ताप आणायचा प्रयत्न करायचे. कांदा काखेत धरून बसलं की अंग तापतं, असं कुणीतरी सांगितलं होतं. अंग काही तापायचं नाही, काखेला वास मात्र सुटायचा आणि आई धपाटा घालून मला पुन्हा गुरांमागे पिटाळायची.

पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागलं की एक फाटा डोंगरात शिरतो. त्याच्या टोकाला आमची वाडी. खाली ओढ्याच्या कडेला थोडी खाचरं, तिथं भात. वर उतारावर नाचणी आणि वरी. भात व्हायचा तो पाहुण्यासाठी, सणासाठी, देवीच्या नैवेद्यासाठी आणि आजाऱ्यासाठी. बाकी वर्षभर पोट नाचणीवर. सकाळी नाचणीची भाकरी, दुपारी नाचणीची भाकरी, आणि संध्याकाळी जरा वेगळं म्हणून तीच भाकरी दुधात कुस्करून. बरोबर कुळथाचं पिठलं, नाहीतर वालाचं कालवण, तेही नसलं तर मिरची. पोलादपूरच्या शाळेत जायला लागले तेव्हा मी डब्याचं झाकण अर्धंच उघडून जेवायचे, कारण बाजारपेठेतल्या मुलींच्या डब्यात पांढरं काहीतरी असायचं आणि माझ्या डब्यात काळं. आज त्याच नाचणीची बिस्किटं रंगीत पिशव्यांत भरून महाबळेश्वरला जाणाऱ्या पाहुण्यांना विकतात आणि ते कौतुकाने घेतात. मला त्या पिशव्यांचा अजून राग येतो.

खरा ताप आला की मात्र घरात राज्य माझं. आई मडक्यातला तांदूळ काढायची, चुलीवर पेज रटरटायला लागायची. मऊ, पातळ, शितं पार विरघळलेली, वर मिठाची चिमूट. ती भरवायचं काम दादाचं. वडील मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला येणारे. घरातला कर्ता माणूस म्हणजे माझ्याहून खूप मोठा असलेला हा भाऊ. तो नांगर सोडून यायचा, हातपाय धुवायचा, मला भिंतीला टेकवून बसवायचा आणि वाटीवर फुंकर मारत म्हणायचा, "घे गो, हलकं हाय. पोटाला त्रास नाय व्हायचा." माझं झालं की टोपाच्या तळाला चिकटलेलं तो बोटाने पुसून खायचा. मला वाटायचं, टोप स्वच्छ करतोय. त्यालाही पेज आवडत असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. आलं ते फार उशिरा.

दादा तसा अबोल माणूस. दिवसभरात बोलला तर बैलांशी. पण शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी निघाली की हा माणूस ओळखू यायचा नाही. पालखीचा पुढचा खांदा वडिलांच्या मागून त्याच्याकडे आला होता. ढोल घुमायला लागला की तो खांद्यावरची पालखी हेलकावत, गिरकी घेत, गुडघे पार जमिनीपर्यंत वाकवत नाचायचा. अनवाणी, अर्थातच. देवीखाली पायताण घालून कोण उभं राहणार? मुंबईहून आलेली मंडळी आधी हात जोडायची आणि अलीकडच्या काळात आधी मोबाईल काढायची. मी दरवर्षी सासरहून माहेरी जायचे ती पुरणपोळीसाठी नाही, दादाला नाचताना बघायला.

माझं सासर बिरवाडीचं. नवरा महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आणि मी आसपासच्या खोल्यांत भाड्याने राहणाऱ्या कामगार पोरांना जेवणाचे डबे करून देते. म्हणजे रांधण्यातलं मला कळतं, असा माझा आणि माझ्या ओळखीच्यांचाही समज होता.

काही वर्षांपूर्वी, भाताची कापणी उरकल्यावर, दादाच्या पायात धसकट घुसलं. कापलेल्या भाताचं बूड जमिनीत उभं राहतं ना, ते. उजव्या अंगठ्याच्या खाली. त्याला कळलंच नाही. वहिनीला सारवलेल्या जमिनीवर रक्ताचे ओले डाग दिसले, तिने आधी कोंबडी दुखावली की काय म्हणून अंगण पाहिलं आणि मग नवऱ्याचे पाय पाहिले. दादाला साखरेचा आजार आहे हे चार-पाच वर्षं माहीत होतं. गोळी आठवण झाली की घ्यायचा. चहात साखर घालत नव्हता, त्यामुळे आपण सगळं पथ्य पाळतो अशी त्याची खात्री होती. हळद, चुना, कुठल्याशा पाल्याचा रस असं सगळं करून झालं आणि अंगठा काळा दिसायला लागला तेव्हा वाडीतल्या एकाच्या गाडीने त्याला महाडला आणलं.

तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी जखम धुतली, रक्त तपासलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. जखम खोल आहे. साखर खाली आली तर भरेल. नाही आली तर अंगठा काढावा लागेल, आणि तेवढ्यावर थांबेलच असं नाही.

दादाने एकच विचारलं. "शिमग्याला उभा ऱ्हाईन ना?"

"आधी अंगठा राहू दे, काका," त्या म्हणाल्या.

वाडीहून रोज मलमपट्टीला येणं शक्य नव्हतं, म्हणून दादा माझ्याकडे राहिला. मला, खोटं कशाला सांगू, आनंद झाला होता. लग्न झाल्यापासून तो माझ्या घरी कधी दोन रात्रीसुद्धा राहिला नव्हता. बहिणीच्या घरचं पाणी प्यायलाही संकोच करणारा माणूस, आता माझ्या पुढच्या खोलीत खाटेवर पाय उशीवर ठेवून बसलेला. मी ठरवलं, याला असं जपायचं की आईने जपलं नसेल.

आणि मी पेज केली.

सकाळी पेज, दुपारी पेज, संध्याकाळी पेज. भात नाही, चपाती नाही, बटाटा नाही, गोडाचं तर नावच नाही. चांगला तांदूळ घेऊन, शितं पार विरघळेपर्यंत शिजवून, फुंकर मारून द्यायचे. दादाही विरघळला. पहिल्या वाटीला म्हणाला, "आईची आठवण आली गो." मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. वाडीची माणसं भेटायला यायची, ती वाटीत डोकावून माना डोलवायची. दुखण्यात पेजेसारखं दुसरं नाय, यावर सगळ्यांचं एकमत. नवरा म्हणाला, एवढ्या पातळावर माणूस जगेल का? मी त्याला गप्प केलं.

इंजेक्शनं चालू होती, गोळ्या चालू होत्या, मलमपट्टी चालू होती. साखर काही उतरेना. डॉक्टरांनी डोस वाढवला. इंजेक्शनच्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवता ना, विचारलं. चोरून गोड खातात का, विचारलं. दादा त्या प्रश्नाने दिवसभर दुखावलेला होता. जखमेच्या कडा पांढुरक्याच राहिल्या, आत लाली धरेना. मग एकदा डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, मला नीट सांगा. हे दिवसभर खातात काय?"

मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, "काही खात नाहीत हो. नुसती पेज."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "कसली पेज?"

"तांदळाची. अगदी पातळ. भाताचा कण सापडायचा नाही."

"तेच तर," त्या म्हणाल्या. "पेज म्हणजे भातच ना?"

"भात कुठं? पाणीच जास्त."

मी त्यांच्याशी भांडायच्या बेतात आले होते. माझा राग तसा नाकाच्या शेंड्यावरच असतो. आजाऱ्याला पेज देऊ नको तर काय खडे देऊ, असं मी बोललेही. बाहेर बाकावर बसलेली माणसं आत बघायला लागली. त्या बाई मात्र चिडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "चूल पेटवलीय ना तुम्ही?"

हा काय प्रश्न झाला? मी म्हटलं, जन्म गेला चुलीपुढं.

"पेंढा टाकला तर काय होतं?"

"भडकतो. नि लगेच राख."

"आणि लाकडाचा ओंडका?"

"तो वेळ घेतो. धरला की पुरतो."

"जळतात दोन्ही. फरक आहे तो किती झपाट्याने, यात. पोटातही तसंच. भात, भाकरी, चपाती, सगळ्याचीच शेवटी साखर होते. पण काही पदार्थांची पटकन होते, काहींची सावकाश. त्या वेगाचं एक मोजमाप असतं, त्याला ग्लायसेमिक इंडेक्स म्हणतात. पांढरा तांदूळ मुळात वेगवान. त्यात तुम्ही तो शिजवून शिजवून विरघळवून दिलात. पोटाला काम काय उरलं? गिळला की थेट रक्तात."

"पण हलकं असतं ते," मी म्हटलं. आवाज आपोआप खाली आला होता.

"पचायला हलकं असतं, म्हणूनच यांना चालत नाही. यांना जरा चावावं लागेल असं द्या. दळण जाडंभरडं, चाळू नका. कडधान्य द्या, पालेभाजी द्या. भात द्यायचाच तर थोडा, मोकळा शिजवलेला, आणि उसळ, भाजी पोटात गेल्यावर. तुमच्याकडे नाचणी, कुळीथ असेलच की."

असेलच की म्हणे. त्याच नाचणीपायी मी झाकण अर्धं उघडून जेवत होते.

बाहेर पडल्यावर रिक्षा मिळेना, म्हणून आम्ही चवदार तळ्याच्या बाजूला सावलीत बसलो. दादा पाण्याकडे बघत होता. मग म्हणाला, "पेज आईची हाय गो. आईनं कदी वायट केलं का आपलं?" मी म्हटलं, तेव्हा आपण दिवसभर डोंगर चढत होतो, दादा, आणि पेज वर्षातून एखाद्या वेळी मिळायची. तो म्हणाला, "व्हय, तेपण खरं." पण त्याचं तोंड उतरलं होतं. अंगठा जाईल या भीतीपेक्षा आईची पेज चुकीची ठरली याचं त्याला जास्त लागलं होतं.

वाडीत नाचणी उरली नव्हती, ही दुसरी गोष्ट. उताराची शेती रानडुकरांनी आणि माकडांनी नकोशी केली. मुंबईला गेलेली पोरं परत येईनात, तेव्हा वर चढून खुरपणार कोण? रस्ता झाला, रेशनचा तांदूळ दारात आला, आणि जो भात आमच्या लहानपणी पाहुण्याला मिळायचा तो सकाळ, दुपार, संध्याकाळ सगळ्यांना मिळायला लागला. आम्ही याला सुख म्हणत होतो, आणि ते सुख होतंच. काळ्या भाकरीतून सुटलेल्या माणसाला पांढऱ्या भाताचं काय वाटतं ते पिशवीतली बिस्किटं खाणाऱ्याला नाही कळायचं. त्या सुखाचाही पायाला त्रास होईल, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

मी महाडच्या बाजारातून नाचणी आणली आणि साखर मोजायचं छोटं यंत्र घेतलं. बोट टोचून पट्टीवर थेंब घ्यायचा की आकडा दिसतो. खाण्याआधी एकदा आणि खाल्ल्यावर दोन तासांनी एकदा, असं डॉक्टरांनी शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादापुढे भाकरी ठेवली. त्याने ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आजाऱ्याला काळी भाकरी?"

"आजाऱ्यालाच."

"लोक काय म्हणतील?"

लोक म्हणाले. लगेच म्हणाले. वाडीतला एकजण भेटायला आला, त्याने ताट पाहिलं आणि दादाला बहिणीकडे काळी भाकरी घालतात, बिचाऱ्याची पेजसुद्धा बंद केली, ही बातमी त्याच्या आधी डोंगर चढून गेली. चौथ्या दिवशी वहिनी एस.टी.ने बिरवाडीत हजर. डोक्यावर नव्या तांदळाचं गाठोडं, हातात नाचणीच्या सत्त्वाचा डबा. सत्त्व म्हणजे नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून वाळवलेलं पीठ. लहान बाळांना शिजवून देतात. उंबऱ्यातच म्हणाली, "तुला जमत नसल तर मी घेऊन जाते त्यांना. माज्या घरात तांदूळ हाय."

मला इतकं लागलं की मी उलट बोललेच नाही. यंत्र पुढे ठेवलं. म्हटलं, वहिनी, तुम्ही रांधा. तुमच्या हातचं सत्त्व आज द्या, उद्या मी भाकरी देते.

तिने दूध न घालता, मीठ घालून सत्त्व शिजवलं. गुळगुळीत, चमचा फिरवला की वळणारं. दादाने मिटक्या मारत खाल्लं. दोन तासांनी बोट टोचलं. आकडा असा वर गेला की वहिनीला वाचता येत असूनही तिने मला पुन्हा वाचायला लावला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मी न चाळलेल्या नाचणीची एक भाकरी, कुळथाची उसळ आणि मुळ्याच्या पाल्याची भाजी दिली. आधी भाजी-उसळ, मग भाकरी. दोन तासांनी आकडा चढला होता, पण जिना चढावा तसा, दम घेत.

"नाचणी तीच ना?" वहिनीने विचारलं.

"तीच. पण तुम्ही तिचा कोंडा गाळून टाकला आणि उरलेलं विरघळवलं."

वहिनी खाली बसली. पदराचं टोक पिरगाळत होती. मग म्हणाली, "घरीपण मी तेच देत व्हते गो. पाय दुखावल्यापासून भाकरी दिलीच नाय. कडक लागल म्हणून." तिला रडू फुटलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, वहिनी, मीसुद्धा तेच करत होते. आपल्या आयांनी आपल्याला प्रेम करायला जसं शिकवलं तसं आपण केलं. आम्ही दोघी नणंद-भावजया लग्नानंतर पहिल्यांदा एका बाजूला झालो त्या दिवशी.

वहिनी राहिली. माझ्या स्वयंपाकघरात तिने ताबाच घेतला. कुळथाला मोड आणणं, वाल सोलणं, शेवग्याचा पाला खुडणं. डब्यांतही उसळ जास्त आणि भात कमी जायला लागला, तर कामगार पोरं दुसऱ्याच दिवशी दारात. भाभी, चावल कम क्यों? त्यांना मी त्यांचा भात दिला. बारा तास उभी राहणारी पोरं ती, त्यांच्या ताटात हात घालायचा मला अधिकार नव्हता.

दादाची गोष्ट वेगळी. नाचणी चालते एवढं कळल्यावर त्याला वाटलं, नाचणी म्हणजे औषध, आणि औषध जितकं घ्यावं तितकं चांगलं. एकदा आम्ही दोघी बाजारात गेलो असताना त्याने टोपलीतल्या सगळ्या भाकऱ्या लसणीच्या चटणीबरोबर संपवल्या. यंत्राने त्याची लाज काढली. "काळी हाय तरी चढते व्हय?" तो यंत्रालाच विचारत होता. डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, काका, ओंडकेसुद्धा चार एकदम घातले तर घर पेटतं. त्यानंतर त्याने स्वतःचं ताट स्वतः लावायला घेतलं. अर्ध्यात भाजी, थोडी उसळ, एक भाकरी, आणि दुपारी शेवटी मूठभर मोकळा भात. तो भात तो फार सावकाश खायचा. भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, म्हणायचा, आणि मला त्याच्याकडे बघवायचं नाही.

नुसत्या भाकरीने पाय बरा झाला असं मी म्हणणार नाही. इंजेक्शन होतं, मलमपट्टी होती, त्या डॉक्टरीणबाईंचा हात होता. पण साखर उतरली, आणि उतरल्यावर जखमेने लाली धरली. कडा आत सरकू लागल्या. थंडी संपता संपता एका सकाळी डॉक्टरांनी पट्टी सोडली, बोटाने दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "राहिला तुमचा अंगठा." दादाने हात जोडले. मग त्यांनी एक सुई, एक कापूस असं काहीबाही घेऊन त्याच्या तळपायाला ठिकठिकाणी लावलं आणि डोळे मिटून सांगा म्हणाल्या. दादा गप्पच. तो विचार करतोय असं मला वाटलं. नंतर कळलं, त्याला काही लागतच नव्हतं.

"ही संवेदना गेलेली आहे, ती बहुतेक परत येत नाही," त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "धसकट लागलेलं कळलं नाही ते त्यामुळेच. यापुढे अनवाणी एक पाऊलही नाही. रोज तळपाय बघायचे."

शिमगा तोंडावर आला होता. मी दादाला सांगितलं तेव्हा तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मला देवीचा राग आला. मग मी उठले आणि बाजारातून कापडी बूट आणले, जाड तळाचे, दोन मोजे मावतील एवढे मोठे, आणि दादा-वहिनीला घेऊन वाडीत गेले.

देवळापुढे बैठक बसली. पालखीखाली बूट म्हटल्यावर आधी हशा, मग आरडाओरडा. सगळ्यात म्हातारे मानकरी बूट हातात घेऊन उलटसुलट बघत होते.

"देवीला चामड्याचा इटाळ. हे कापाड हाय."

"खाली रबर हाय की," कुणीतरी म्हणालं.

"रबर कशाचा असतो?"

"झाडाच्या चिकाचा," मुंबईहून आलेल्या एका पोराने सांगितलं.

"मंग झाडाचा इटाळ कुठनं आला रे? देवी झाडाखालीच बसते." म्हाताऱ्यांनी बूट माझ्या हातात दिले. "धुवून आण. नि पालखीपर्यंत पायात घालू नको म्हणावं."

पालखी आमच्या अंगणात आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दादाने पुढचा खांदा घेतला. ढोल घुमला. तो नाचला, पूर्वीसारखाच, गुडघे जमिनीपर्यंत नेऊन, गिरक्या घेऊन, मान मागे टाकून. लोक त्याच्या तोंडाकडे बघत होते. मी एकटी त्याच्या पायांकडे बघत होते. गुलाल उडत होता, पांढरे बूट लाल होत होते, आणि मी मनात म्हणत होते, आई, बघ, उभा आहे.

पालखी शेजारच्या घरी गेली तसा दुसऱ्याने खांदा घेतला आणि दादा ओट्यावर येऊन बसला. घामाने निथळत होता. चेहऱ्यावर मी लहानपणी बघितलेलं हसू. मी खाली बसून त्याचे बूट काढले. उजवा बूट उपडा केला, तर त्यातून एक खडा पडला. वाटाण्याएवढा, टोकदार. अंगणातला उडून आत गेला असणार. मोजा काढून पाहिला. कातडी फाटली नव्हती, पण तळपायावर खड्याचा लाल ठसा खोल उमटला होता.

"हा कदी गेला आत?" दादाने विचारलं.

"तुला बोचला नाही?"

त्याने खडा हातात घेतला. तळपायावर टेकवला, जरा दाबला, अजून जरा दाबला, आणि माझ्याकडे बघितलं.

"नाय गो," तो म्हणाला. "मना वाटलं, मी नीट नाचलो."

"नीटच नाचलास," मी म्हटलं, आणि मला रडू आवरेना. अंगठा राहिला होता, माणूस उभा होता, मी आनंदाने रडायला हवं होतं. पण त्याच्या पायाखालची जमीन गेली ती गेलीच होती. त्या जमिनीवर तो जन्मभर अनवाणी चालला होता.

आता दादा वाडीतच असतो. रोज संध्याकाळी वहिनी मला व्हिडिओ कॉल लावते. तिला बारीक दिसत नाही, म्हणून ती नुसता फोन धरते. दादा ओट्यावर बसून आधी उजवा पाय वर करतो, मग डावा. मोठ्या भावाच्या पायांना मी सणासुदीला हात लावून नमस्कार करत आले. तेच पाय बहिणीला दाखवायचे म्हणून सुरुवातीला तो तोंड फिरवून बसायचा. आता नाही बसत. मी फोन डोळ्यांजवळ धरून बोटांच्या बेचक्यांपर्यंत सगळं बघते. "काय हाय काय?" तो विचारतो. काही नाही, म्हणते मी. मग तो पाय खाली घेतो आणि जेवायला बसतो.